नायगावचे हातमोजे

शाळेत माझी नेमणूक अर्धवेळ. म्हणजे काय, तर ज्या तासाला कोणीच नाही तो तास आपला! दिवाळीच्या सुट्टीआधी असाच सातवीचा इंग्रजीचा तास माझ्या वाट्याला आला. पुस्तक संपलेलं, मुली सुट्टीच्या तयारीत. म्हणून मी कपाटातलं एक जुनं गोष्टीचं पुस्तक काढलं आणि त्यातलं चित्र मुलींना दाखवलं. विलायतेतली एक बाई बागेत खुर्चीवर बसली आहे, डोक्याला फुलांची टोपी, अंगात पायघोळ झगा आणि दोन्ही हातांत कोपराच्या वर गेलेले पांढरेशुभ्र हातमोजे. समोर चहाची किटली.

"काय काय दिसतं ते सांगा," मी म्हटलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी चटकन उठून म्हणाली, "बाई, ही बाई स्कूटीवरून आली वाटतं!"

वर्ग हसला, मीही हसले. पण पोरीचं चुकलं तरी कुठं? आमच्या नांदेडात हातमोजे म्हटले की स्कूटीच आठवणार. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, डोळ्यांना गॉगल, हातात दंडापर्यंत मोजे. चौकात सिग्नलला दहा मुली उभ्या असल्या तर त्यांतली आपली कोणती हे जन्मदात्या आईलाही ओळखू यायचं नाही. मी स्वतःही घालते बरं का! चैत्र-वैशाखातलं आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्या मला नावं ठेवणार नाहीत.

"स्कूटी नाही गं, त्या काळी स्कूटी कुठली?" मी म्हटलं.

"मग बागेत बसून मोजे कशाला घातलेत?"

मला नीट उत्तर देता येईना. "तिकडची पद्धत असते," असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण मनातून प्रश्न जाईना.

आणि योग बघा, त्याच संध्याकाळी नायगावहून अक्कांचा फोन. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

"अगं, सुट्टी लागली ना तुला? ये की इकडं. अन् येताना ते हातमोजे घेऊन ये बरं दोन जोड, लांबवाले. रविवारी पाहुणे यायलेत पोरीला बघायला. तोंड बांधून रानात जाती ती, पर हात उघडेच. हात बघ म्हणावं तिचे! दोन आठवड्यांत काळे ठिक्कर झालेत."

नायगाव म्हटलं की पुष्कळांना सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आठवतं. ते सातारा जिल्ह्यातलं, सावित्रीबाई १८३१ साली तिथं जन्मल्या. मुंबईतही एक नायगाव आहे, वसईजवळ आणखी एक. आमचं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं. पूर्वी ते बिलोली तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुक्याचं गाव झालंय. टपालात नायगाव बाजार लिहितात, जनगणनेच्या कागदात नायगाव (खैरगाव). आम्ही घरचे नुसतं नायगाव म्हणतो.

शुक्रवारी सकाळी एस.टी. धरली. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून या गाड्यांत पुरुषमाणसांना बसायला जागा मिळणं मुश्कील झालंय. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत माहेरवाशिणी, सासुरवाशिणी, दवाखान्याला आलेल्या, बँकेला आलेल्या. गोदावरीचा पूल ओलांडला की धनेगाव, मग कहाळा, मग कृष्णूर. हा देगलूरवरून हैदराबादकडे जाणारा रस्ता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा होता, त्यामुळं इथल्या बोलीत उर्दू आहे, तेलंगणा जवळ म्हणून तेलुगूही आहे. थोरल्या बहिणीला आणि थोरल्या जावेला अक्का म्हणायची सवय बहुधा तिकडूनच आलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन. सोयाबीन निघून गेलेलं, तूर फुलावर आलेली, आणि मध्येमध्ये पांढरा ठिपक्याठिपक्यांचा कापूस. लांबून बघावं तर कुणी चिंचोके सांडावेत तसे बायकांचे रंगीत ठिपके त्या पांढऱ्यात हलताना दिसतात. जवळ आलं की कळतं, ते साड्यांचे ठिपके नव्हेत. सगळ्यांनी साडीवरून पुरुषी सदरे चढवलेत!

आमच्या भागात कोणाला त्याचं नवल नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचक भगिनींसाठी सांगते. रानात कामाला निघालेली बाई साडीवरून नवऱ्याचा किंवा लेकाचा जुना लांब बाह्यांचा सदरा घालते. गुंड्या मानेपर्यंत लावायच्या, बाह्या मनगटापर्यंत ओढायच्या, डोक्याला टॉवेल किंवा ओढणी. ऊन लागत नाही, पऱ्हाटीचे ओरखडे बसत नाहीत, गवताची खाज येत नाही. फक्त पंजा तेवढा उघडा राहतो.

तासा-सव्वातासात नायगाव आलं. पुढं नरसीच्या चौकात हा रस्ता फुटतो, एक बिलोलीला, एक मुखेडला, एक देगलूरला. त्यामुळं नायगावचा बाजार भरलेला असतो. स्टँडच्या बाहेर पडले तर समोर हातगाड्यावर काय टांगलेलं असावं? हातमोजे! कातडीच्या रंगाचे, काळे, मेंदी काढल्यासारखी नक्षी छापलेले, अगदी दंडापर्यंतचे. मी किंमत विचारली. नांदेडला मी दिली त्याहून दहा रुपये कमी. गाडेवाला म्हणतो, "ताई, कॉलेजच्या पोरी नेतात, अन् लग्न ठरायच्या पोरी नेतात." ह्यांना फोनवर सांगितलं तर ह्यांनी हसून घेतलं. नांदेडहून नायगावला हातमोजे वाहून नेणारी मीच पहिली असेन!

घरी पोचले तेव्हा अक्का अंगणात ज्वारी निवडत होत्या. पुतणी रानातून यायची होती. चहा झाला. अक्कांनी मोजे हातात घेऊन ताणून पाहिले, उलटे केले, वासही घेतला. "पातळ हाय की गं. टिकंल का?"

संध्याकाळी पोरगी आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे, सुट्टीत आईबरोबर वेचणीला जाते. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी किलोमागे वाढीव दर मागतात, म्हणून घरचीच माणसं लावायची. तिनं स्कार्फ सोडला तेव्हा चेहरा तसाच उजळ, आणि हात मात्र मनगटापासून बोटांपर्यंत दुसऱ्याच कुणाचे वाटावेत असे. नखांच्या कडेला बारीक चिरा. कापसाचं बोंड उमललं की आतला कापूस मऊ असतो, पण त्याला धरून बसलेलं कवच वाळून कडक झालेलं असतं आणि त्याची टोकं सुईसारखी. तीन बोटांनी कापूस उपसताना ती टोकं नेमकी नखाच्या मुळाशी घुसतात. दिवसातून कितीवेळा, याचा हिशोब कोण ठेवणार?

अक्कांनी करडीचं तेल कोमट करून आणलं आणि पोरीच्या हाताला चोळू लागल्या. "आठ दिस झाले, रोज बेसन लावायलाव, साय लावायलाव. उजळंना काही."

मला एकदम तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. मला बघायला जी मंडळी आली होती त्यांत अक्का होत्या. चहा देऊन झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा पाहिला, आणि सासूबाईंकडं वळून म्हणाल्या, "मऊ हाईत. शहरातले." तेव्हा मला तो माझा गुण वाटला होता. सासूबाईंच्या आवाजात थोडी काळजी का होती ते पुढं कापसाच्या पहिल्या हंगामात कळलं! आता त्याच अक्का आपल्या लेकीचा हात तेलानं चोळत बसल्या होत्या. मी ती आठवण काढली नाही. त्यांनीही नाही. पण माझा अंदाज आहे की त्यांनाही आठवलं असावं, कारण मध्येच थांबून त्यांनी एकदा माझ्या हातांकडं पाहिलं.

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर अंथरुणं टाकली. पुतणीला मी वर्गातल्या चित्राची गोष्ट सांगितली. तिलाही हसू आलं. "पण काकू, खरंच कशाला घालत असतील?" मधल्या चार दिवसांत मी वाचून काढलंच होतं, ते तिला सांगितलं. तुम्हालाही सांगते.

युरोप-अमेरिकेत गेल्या शतकाच्या अर्ध्यापर्यंत घरंदाज बाई हातमोज्यांशिवाय घराबाहेर पडत नसे. देवळात जायचं, पाहुणीकडं जायचं, बाजारात जायचं, मोजे हवेतच. दुपारचे आखूड, रात्रीच्या मेजवानीचे कोपराच्या वरपर्यंत. लांबी गुंड्यांवर मोजत. सोळा गुंड्यांचा मोजा म्हणजे कोपर ओलांडून गेलेला. कोकरा-करडांच्या कातड्याचे हे मोजे इतके घट्ट बसवत की ते चढवायला आधी बोटं लाकडी चिमट्यानं ताणून घ्यायची, आतून पावडर टाकायची, आणि गुंड्या लावायला एक छोटा आकडा असायचा. आयर्लंडमधल्या लिमरिक गावाचे मोजे इतके तलम असत की अख्खा जोड अक्रोडाच्या कवचात घालून विकत! फ्रान्समधलं ग्रेनोबल हे त्या धंद्याचं मोठं ठिकाण. तिथल्या झेव्हिए जूव्हँ नावाच्या माणसानं १८३० च्या दशकात माणसांचे हात मोजून मोज्यांची मापं ठरवली, त्यामुळं आपल्या मापाचा मोजा दुकानात तयार मिळू लागला. शिवायचं काम मात्र आसपासच्या खेड्यांतल्या बायका घरी बसून करत, नगावर पैसे घेऊन.

जेवताना मोजे काढायचे असा रिवाज होता. पण ते लांब मोजे पुन्हा चढवायचे म्हणजे अर्धा तास गेला. म्हणून काही मोज्यांना मनगटाशी फट ठेवलेली असे. त्या फटीतून पंजा बाहेर काढायचा, पुढचा भाग मनगटात खोचायचा आणि जेवायचं. हे ऐकून पुतणी खो खो हसली. आपल्याकडं वरणभात कालवताना कशी फजिती झाली असती ती कल्पना करून पाहा!

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या ती हीच हातमोज्यांची अमेरिका. १८८६ साली डॉक्टरकीची पदवी घेईपर्यंत त्यांनी साडी सोडली नाही. थंडीसाठी नेसायची पद्धत तेवढी बदलली. गोव्याकडं मात्र ख्रिस्ती लग्नांत पांढऱ्या झग्याबरोबर पांढरे हातमोजे आले, आणि जुन्या पिढीच्या नवरीच्या फोटोंत ते आजही बघायला मिळतात.

अक्का शेजारी पडून ऐकत होत्या. त्यांना झोप लागली असं मी समजले होते. त्या एकदम म्हणाल्या, "पांढरे मोजे! मग धुवायचं कोन?"

खरंच की! मी जे वाचलं त्यात मोजे कसे धुवायचे तेही होतं. दुधात फडकं बुडवून त्यावर साबण घ्यायचा आणि मोजा हातात चढवूनच पुसायचा, किंवा शिळ्या पावाच्या चुऱ्यानं घासायचा. पण तो चोळणारा हात कुणाचा, हे त्या पानांत लिहिलेलं नव्हतं. मोलकरणीचाच असणार.

"म्हंजे आपण काम करत नाहीत हे दावायला मोजे," अक्का म्हणाल्या. "अन् आपण करतोत हे झाकायला." एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या आणि खरोखरच घोरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मीही रानात गेले. मोजे कामाला येतात की नाही ते मला बघायचंच होतं. सकाळी दव असतं तोवर वेचत नाहीत, कापूस ओलसर राहतो. ऊन वर आल्यावर पाच-सहा बायका आल्या. कमरेला पदराची ओटी बांधली, सदरे चढवले आणि सरीला लागल्या. पुतणीनं मोठ्या उत्साहानं माझे मोजे घातले. दहा मिनिटांत तक्रार सुरू! कापसाचे तंतू मोज्याला चिकटून बसायला लागले, बोंडाचं टोक जाळीत अडकायला लागलं आणि बोटांना कापूस कळेना. वेचणीत डोळ्यांपेक्षा बोटं बघतात. किडका कवडीचा कापूस कोणता, काडीकचरा किती आलाय, ते बोटालाच समजतं. शेजारच्या सरीतल्या बाया चार हात पुढं निघून गेल्या. पोरीनं इकडंतिकडं पाहिलं, आईच्या विळ्यानं मोज्याची पाचही बोटं कचकन कापली आणि पुन्हा हात चालू केला.

बिनबोटांचे मोजे! मला गंमत वाटली. तिकडच्या बायकांनाही शिवणटिपण करताना हीच अडचण यायची, आणि त्याही असेच बिनबोटांचे जाळीचे मोजे घालत. पऱ्हाटीत उभ्या असलेल्या आमच्या पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या लहानपणी इथं नांदेड ४४ नावाचा कापूस घरोघरी माहीत होता, नांदेडच्याच संशोधन केंद्रातून १९८० च्या दशकात निघालेला. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि मग सगळं रान बीटीचं झालं. बियाणं बदललं, फवारणी बदलली, भाव तर रोज बदलतात. वेचणी मात्र बाईच्या तीन बोटांवरच राहिली.

वेचणाऱ्यांत मुखेडकडच्या तांड्यावरची एक लमाण आजी होती. लेकीकडं आलेली. पंचाहत्तरी ओलांडली असेल, पण हात आमच्या सगळ्यांच्या पुढं. साधी साडी, वर सदरा, हातात प्लॅस्टिकच्या चार बांगड्या. दुपारी लिंबाखाली भाकरी सोडली तेव्हा ती पुतणीचे कापलेले मोजे चाचपून बघू लागली.

"माझ्या मायच्या हाताला जागा नव्हती," ती म्हणाली. "हितून हितवर." तिनं मनगटापासून खांद्यापर्यंत बोट नेलं. "पांढऱ्या बलिया. ऊन लागायचं नाही, काटा लागायचा नाही. लग्नात घातल्या त्या म्हातारपणातच निघाल्या."

लमाण बायांचा तो पोशाख आमच्या पिढीनं आता जत्रेत नाहीतर सांस्कृतिक कार्यक्रमातच पाहिलेला. आरशांचा फेट्या, पाठ उघडी असलेली काचळी, कवड्यांची ओढणी, केसांना लोंबणारी चांदी, आणि हातभर बलिया. पूर्वी त्या हस्तिदंताच्या असत. पुढं हाडाच्या, शिंगाच्या झाल्या, मग प्लॅस्टिकच्या. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली तोवर तांड्यांवर प्लॅस्टिकच रुळलं होतं. मला मोहेंजोदडोची ती पितळेसारखी दिसणारी काश्याची नाचरी मुलगी आठवली. १९२६ साली सापडलेली, उंचीला वीतभरही नाही, साडेचार हजार वर्षांची, आणि तिचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला. शाळेच्या पुस्तकात तिचं चित्र कितीदा शिकवलंय, पण त्या हाताकडं मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

"मग तुम्ही का नाही घातल्या?" पुतणीनं विचारलं.

"घातल्या की. दंडाला होत्या. पोरं शाळेला जायला लागली, ती म्हनली, माय, लोक हसतात. काढल्या." आजीनं सदऱ्याची बाही वर केली. दंडावर, जिथं बलिया होत्या तिथं, कातडीला एक गुळगुळीत खोलगट पट्टा पडला होता. पुतणीनं त्यावरून हळूच बोट फिरवलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आजीच म्हणाली, "उठा बायांनो, माप कमी भरंल."

रविवारी पाहुणे आले. मुलगा पुण्याला कंपनीत, आईवडील, एक मामा आणि एक आत्या. मुलगा सरळ वाटला, खाली मान घालून पोहे खात होता. पोरीनं चहा आणला. हात अर्थातच उघडे. आत्याबाईंनी कप घेता घेता पोरीच्या बोटांकडं पाहिलं आणि विचारलं, "कापूस वेचायला जातीस का गं?"

अक्कांचा चेहरा उतरला. माझ्याही पोटात गोळा आला. खोटं बोलावं तर सगळ्या गावानं तिला रानात पाहिलेलं.

"हाव," पोरगी म्हणाली. "आमचंच रान आहे."

"दिवसाला किती भरतो?"

पोरीनं आकडा सांगितला. आत्याबाई "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ काय लावायचा? कामाची आहे म्हणून बरं, की असे हात पुण्याच्या फ्लॅटमध्ये कसे शोभणार म्हणून बरं? मुलाच्या आईनं मात्र एकदा वर पाहिलं आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. ते मी पाहिलं, अक्कांनी पाहिलं नाही. ओटी भरताना अक्कांनी त्यांच्या तळव्यावर नारळ ठेवला तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. नखांच्या कडेला तशाच जुन्या, बुजलेल्या चिरा.

पाहुणे गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, "आधीच मोजे आणायला पायजे होते. दसऱ्यालाच." पोरगी भांडी घासत होती. ती म्हणाली, "आई, मोजे घालून चहा द्यायची होते का मी? विलायतेतल्या बाईसारखी?"

परतीच्या गाडीत मला आणखी एक गोष्ट आठवत राहिली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका होती. शस्त्रक्रियेआधी जंतुनाशकात हात बुडवावे लागत, त्यानं तिच्या हातांना फोड आले, काम सोडायची वेळ आली. तिथले शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. आज दवाखान्यात जे मोजे सगळीकडं वापरतात त्यांच्या रुजण्यात तिच्या हातांचा मोठा वाटा. त्याच वर्षी दोघांनी लग्नही केलं! एका बाईचे हात कामानं सोलतात म्हणून कुणीतरी माप घेऊन मोजे करून आणले, ही गोष्ट मला त्या सोळा गुंड्यांपेक्षा किती जवळची वाटली.

ते सोळा गुंड्यांचे मोजे १९६० नंतर तिकडंही गेले. टोप्या गेल्या, मोजे गेले. राणी एलिझाबेथ १९६१ साली आपल्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीला आली होती, तिनं मात्र चारचौघांत जाताना ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात, मरणाच्या दोन दिवस आधीचा तिचा फोटो सगळीकडं छापून आला. घरातच काढलेला, हातात मोजे नव्हते, आणि उजव्या हातावर मोठा काळानिळा डाग. तिच्या कपड्यांविषयी कुणी काही बोललं नाही, जो तो हाताविषयीच बोलत होता.

पाहुण्यांचा निरोप हे लिहीपर्यंत आलेला नाही. अक्कांचा फोन मात्र आला. "ते बिनबोटाचे बरे होते गं. पर तुझे मोजे तिसऱ्या दिसाला उसवले. सुती मिळतात का बघ, पाच जोड. त्या लमाण आजीला बी एक पायजे."

सुती, बिनबोटांचे आणि दंडापर्यंतचे मोजे नांदेडच्या एकाही दुकानात मिळाले नाहीत. शेवटी मीच शिवायला घेतले. कुणाला करायचे असतील तर सांगते. जुन्या सुती सदऱ्याची लांब बाही खांद्याच्या शिवणीपासून कापून घ्यावी. कफ कापू नये, तो उलटून पंजावर आणायचा, म्हणजे त्याची गुंडी बोटांच्या मुळाशी लागते आणि मोजा वर सरकत नाही. फक्त गुंडी हाताच्या मापानं थोडी आत घ्यावी. कफच्या वर दोन बोटं जागा सोडून बाहीच्या शिवणीत अंगठ्यापुरती फट उसवावी आणि तिच्या कडेला काज्याचा टाका घालावा, नाहीतर ती फाटत जाते. वरच्या तोंडाला दुमड घालून इलॅस्टिक ओवावं, फार घट्ट नको, दिवसभर हात वरखाली करायचा असतो. एका सदऱ्यात एक जोड होतो. रंग फिका घ्यावा, उन्हात तापत नाही.

तीन जोड झालेत. ह्यांचे तीन सदरे गेले, आणि कालपासून ह्यांनी कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली आहे.